घर, दुकान, गोडाऊनसाठी कुलूप कसं निवडायचं: खान्देशातली दारं, माती अन् उन्हाळा धरून

कुलूप घ्यायला आलेला माणूस काउंटरवर हात टेकवून पहिलं हेच विचारतो, "भाऊ, सगळ्यात मजबूत कोणतं?" आणि मी उलट त्यालाच विचारतो की दार कशाचंय, चौकट कशाचीय, कुलूप बसणार कुठं, अन् चावी किती जणांकडं राहणार. बऱ्याच जणांना हे ऐकून वाटतं हा कशाला एवढं खोदून विचारतोय, कुलूप तर कुलूप. पण जळगावात हार्डवेअरच्या दुकानात बसून अन् सुतारांबरोबर फिटिंगला जाऊन एक गोष्ट पक्की कळलीय, की घरफोडीच्या बातम्या वाचा, "कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश" असंच येतं नेहमी, चोर कुलपाशी झटत बसत नाही, ते ज्याला अडकवलंय ते उपटतो. म्हणून पैसे कुठं घालायचे ते आधी ठरवा, कुलपाची निवड त्याच्यानंतर. इथं मी साध्या, चावीच्या कुलपांबद्दलच लिहितोय, बोटाच्या ठशाची वगैरे इलेक्ट्रॉनिक कुलपं हा वेगळा विषय आहे.

आधी दार अन् चौकट तपासा

दार लावून घ्या, कडी लावा अन् बाहेरून कडीच्या जागी खांद्यानं रेटून बघा. पल्ला चौकटीत खडखड हलतो का, बोटभर फट पडते का? पडत असेल तर तिथं पहार घालायला जागा आहे, अन् तिथं कितीही भारी कुलूप लावा काम होणार नाही. मग चौकट बघा, भिंतीत होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, नीट बसलेत का, का प्लास्टर निघून चौकट सुटायला लागलीय. जुन्या धाब्याच्या घरात सागाची जाडजूड चौकट असते, भिंतही हात-दीड हात जाड, तिथं काळजी नाही. नवीन बांधकामात काटछाट होते ती नेमकी चौकटीत, हलकं लाकूड, नाहीतर पातळ पत्र्याची चौकट अन् आत मसाला भरलेलाच नाही. पत्र्याच्या चौकटीवर बोटानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर मिस्त्रीला सांगून आत सिमेंटचा माल भरून घ्या, हे काम कुलपापेक्षा महत्त्वाचं आहे.

पल्ल्याची जाडी मोजा, टेपनं, अंदाजानं नाही. फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून प्लायवूड लावलेलं सपाट तयार दार, साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असतं. त्याच्या आत सगळीकडं भरीव लाकूड असेलच असं नाही, कुलपासाठी एका बाजूला भरीव ठोकळा ठेवलेला असतो अन् बऱ्याच कंपन्या दाराच्या कडेवर तशी खूण छापून देतात. सुतारानं ती न बघता उलट्या बाजूला बिजागरी-कुलूप केलं तर स्क्रू भुशात बसल्यासारखे बसतात, दोन महिन्यांत ढिले. दार बसवायच्या दिवशी स्वतः उभं राहून ती खूण बघून घ्या.

आणि आता आपल्या भागाची खास अडचण, काळी माती. तापीच्या पट्ट्यात रावेर, यावल, चोपड्यापासून शहाद्यापर्यंत बरीच घरं काळ्या जमिनीवर उभी आहेत. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात तुम्ही शेतात बघितल्याच असतील. पाया उथळ असला की घर त्याच्याबरोबर थोडं थोडं हलतं, चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मस्त लागणारं दार जुलैत वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं, त्यात लाकूड स्वतः पण दमटपणानं फुगतं, अन् मग कुलपाचा बोल्ट चौकटीतल्या भोकाच्या समोर येतच नाही. लोक काय करतात, चावी जोरात पिळतात. चावी वाकते, तुटते, आणि दोष कुलपाला. मी एका घरी बघितलं, बोल्ट चौकटीच्या पट्टीवर घासून घासून पितळेवर चकचकीत चर पडलेली, जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक होता अन् घरातली बाई रोज दार वर उचलून धरून चावी फिरवत होती. कानशीनं पट्टीचं भोक खालच्या बाजूनं थोडं वाढवलं, झालं काम, कुलूप नवीन घ्यायची गरजच नव्हती.

त्यामुळं तुमचं घर अशा जमिनीवर असेल तर दोन गोष्टी करा. एक, कुलूप शक्यतो उन्हाळ्यात अन् पावसाळ्यात दोन्ही वेळा दार कसं लागतं हे माहीत असताना बसवा, अन् पट्टीचं भोक वर-खाली थोडं सैल ठेवायला सांगा, पण आडवं सैल नको, आडवं सैल झालं की दार खडखडतं. दोन, दाराला वर, मध्ये, खाली असे तीन-तीन बोल्ट एकदम जाणारं कुलूप अशा चौकटीत घेऊ नका, एक भोक जमलं तर दुसरं जमत नाही. एकाच जागी जाड बोल्ट अन् वेगळी मजबूत कडी, हे बरं.

कुलपाच्या आत काय चालतं ते थोडक्यात

बाजारात मुख्य दोनच जाती, लिव्हरची अन् पिन-सिलिंडरची. लिव्हरच्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात, स्प्रिंगनं दाबलेल्या, चावीचे दाते प्रत्येक पट्टी बरोबर ठराविक उंचीवर उचलतात तेव्हाच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली तरी अडतं अन् जास्त उचलली तरी अडतं. म्हणून कुलपावर ६ लिव्हर, ७ लिव्हर, ८ लिव्हर लिहिलेलं असतं, जेवढ्या पट्ट्या जास्त तेवढं अंदाजानं उघडणं अवघड. पिन-सिलिंडरमध्ये पट्ट्यांऐवजी छोट्या पिनांच्या जोड्या असतात, चावी आत गेली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात अन् मग सिलिंडर फिरतो. हे आजचं रूप अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६१ अन् १८६५ च्या पेटंटांमधून आणलं. पाच पिना अन् प्रत्येकीला सहा उंच्या धरल्या तर कागदावर ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या होतात, प्रत्यक्षात त्यातल्या सगळ्या वापरत नाहीत पण तरी अंदाज येतो.

आपल्याकडं अलीगढ हे कुलपांचं जुनं गाव, अन् मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ ला कुलपं बनवायला सुरुवात केली. आज दोन्हीकडचा माल आपल्या बाजारात भरपूर येतो, चांगला पण अन् हलका पण. नावावर जाऊ नका, वस्तू हातात घेऊन बघा.

कसं बघायचं? लटकतं कुलूप घेताना दुकानदाराला म्हणा त्याच डब्यातलं दुसरं कुलूप काढा, अन् एकाची चावी दुसऱ्याला लावून बघा. हलक्या मालात चाव्यांचे प्रकारच मोजके असतात, आठवडी बाजारात ढिगात विकतात त्यात तर एकाची चावी दुसऱ्याला लागते हे सर्रास होतं. चावी अर्धी बाहेर ओढून फिरते का तेही बघा, फिरली तर ठेवून द्या. दांडी बंद करून ओढा, हलवा, खडखड जास्त असेल तर नको.

लटकतं कुलूप: दांडीकडं बघा, अंगाकडं नाही

लोक कुलपाचा आकार बघतात, मोठं म्हणजे भारी. पण कापायचं झालं तर कापतात दांडी. दांडी किती मिलिमीटर जाड आहे, ती कडक केलेल्या पोलादाची आहे का, हे बघा, चांगल्या कुलपाच्या दांडीवर किंवा खोक्यावर 'हार्डन्ड' लिहिलेलं असतं. घराला साधारण ८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, दुकान-गोडाऊनला १० किंवा त्याच्या वर. दांडी अन् कुलपाचं अंग यांच्यात फट जेवढी कमी तेवढं चांगलं, कारण त्या फटीतच सळई घालून पिळतात. अन् दांडी दोन्ही पायांनी अडकते का एकाच, तेही विचारा, दोन्ही बाजूनं अडकणारं घ्या.

दाबून बंद होणारं कुलूप सोयीचं, पण चावी आत राहिली अन् कुलूप लागलं असं होतं, त्यामुळं गोडाऊनला किंवा नोकरमाणसांच्या हातात द्यायच्या कुलपाला मी चावी फिरवल्याशिवाय न लागणारंच सुचवतो, म्हणजे चावी काढली याचा अर्थ कुलूप नक्की लागलं.

पण भाऊ, हे सगळं करून कोयंडा जर पत्र्याचा अन् अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर असेल तर एका पहारीत सगळं खाली. अल्ड्रॉप, म्हणजे बाहेरून सरकवून कुलूप अडकवायची मोठी कडी, जाड दांड्याचा घ्या, लोखंडी अल्ड्रॉपसाठी आयएस २८१ हे भारतीय मानक आहे, त्याचा आयएसआय मार्क मिळाला तर उत्तम. अन् तो स्क्रूवर नाही, आरपार नट-बोल्टवर बसवा, गोल डोकं बाहेर अन् नट आतून, आत पट्टी किंवा मोठा वायसर देऊन. नट घट्ट केल्यावर टोकं ठोकून पसरवून टाकली तर अजून बरं. चौकटीतला कोयंडाही तसाच, जमलं तर चौकटीच्या आरपार. या सगळ्या कामाला सुताराचा तास-दीड तास जातो अन् याच्याइतका फायदा दुसऱ्या कशात नाही.

लटकत्या कुलपाचा एक मोठा तोटा मात्र लक्षात ठेवा: ते लांबूनच सांगतं की घरात कोणी नाही. दिवाळीत, मे महिन्यात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), सप्तशृंगीच्या गडावर गेले असताना आठ आठ दिवस दारावर कुलूप लटकतंय. म्हणून घराच्या मुख्य दाराला आतलं, अंगातलं कुलूपच मुख्य ठेवा अन् बाहेरचा अल्ड्रॉप जोडीला.

मुख्य दार: रिम लॉक का मॉर्टाइज

रिम लॉक म्हणजे दाराच्या आतल्या अंगावर बसवलेली पेटी, बाहेर फक्त चावीचं भोक दिसतं. मॉर्टाइज म्हणजे दाराच्या जाडीत खोबण पाडून आत बसवलेलं, बाहेर हँडल अन् सिलिंडर. दिसायला मॉर्टाइज छान, बंगल्याला-फ्लॅटला लोक तेच मागतात. पण विचार करा, ३० मिलिमीटरच्या पल्ल्यात सोळा-अठरा मिलिमीटरची खोबण पाडली तर दोन्ही बाजूला लाकूड किती उरलं? सहा-सात मिलिमीटर. नेमकं जिथं जोर लागणार तिथंच दार पातळ केलं आपण. माझं मत सरळ आहे, पल्ला ३५ च्या आत असेल तर रिम लॉक घ्या, ४० च्या आसपास किंवा वर भरीव सागवान असेल तर मॉर्टाइज खुशाल घ्या.

रिम लॉकमध्ये नाईट लॅच नावानं साधी मिळतात, दार ओढलं की आपोआप लागणारी. त्यात तिरपा दट्ट्या स्प्रिंगवर असतो, तो फटीतून पातळ पट्टी घालून मागं ढकलता येतो, म्हणून फक्त ओढून बाहेर जायचं नाही, चावीनं डबल लॉक होणारं घ्या अन् जाताना चावी फिरवाच. दोन किंवा तीन वेळा चावी फिरवली की बोल्ट टप्प्याटप्प्यानं बाहेर येतो अशी कुलपं मिळतात, बोल्ट निदान २० मिलिमीटर बाहेर यायला पाहिजे, दुकानातच फिरवून टेपनं मोजा. घरात म्हातारी माणसं किंवा लहान पोरं असतील तर आपोआप लागणारं लॅच डोक्याला ताप होतं, आई कचरा टाकायला बाहेर, दार वाऱ्यानं बंद, गॅसवर कुकर. अशा घरात लॅच आतून अडकवून ठेवायची सोय असलेलं घ्या किंवा फक्त चावीनं लागणारं.

मॉर्टाइज घेताना चार मापं लिहून न्या. दाराच्या कडेपासून चावीच्या भोकापर्यंतचं अंतर, याला बॅकसेट म्हणतात. हँडलच्या मध्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर, पुष्कळ ठिकाणी ८५ मिलिमीटर असतं पण जुनं बदलायचं असेल तर मोजाच, नाहीतर हँडलची पट्टी जमत नाही अन् जुनी भोकं उघडी पडतात. पल्ल्याची जाडी. अन् दार डावं का उजवं, आत उघडतं का बाहेर. हे शब्दात सांगताना गोंधळ होतो, म्हणून बाहेर उभं राहून मोबाईलमध्ये दाराचा फोटो काढा, बिजागऱ्या दिसतील असा, अन् तोच दुकानात दाखवा. उभ्या मॉर्टाइजसाठी आयएस २२०९ हे मानक आहे, कुलपावर तो शिक्का आहे का विचारून बघा.

सिलिंडरची लांबी हा मुद्दा बहुतेक लोक सोडून देतात. ६० अन् ७० मिलिमीटरची सिलिंडरं सर्रास मिळतात. दोन्हीकडच्या पट्ट्या बसवल्यावर सिलिंडर बाहेरून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढं येता कामा नये. जास्त पुढं आलं तर पाना लावून पकडतात अन् मध्ये जिथं स्क्रूचं भोक आहे तिथं ते मोडतं, कारण सिलिंडरची सगळ्यात नाजूक जागा तीच. तसंच आतून चावी का घुंडी? दोन्हीकडून चावी असली की काच फोडून हात घातला तरी दार उघडत नाही, पण रात्री आग लागली, लाईट गेली, अन् चावी सापडत नाही, मग काय? माझ्या मतानं माणसं झोपतात त्या घराला आतून घुंडीच असावी. दाराला काच असेल तर काचेचा बंदोबस्त करा, माणसांना कोंडू नका.

गोल नॉबवालं कुलूप, ज्याच्या मध्येच चावी असते, ते आतल्या खोल्यांसाठी अन् बाथरूमसाठी ठीक. मुख्य दाराला ते लावू नका. नॉब पिळून मोडता येतो, विषय संपला.

गच्चीचं दार

हे वेगळं लिहायलाच पाहिजे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात, घरातली सगळी माणसं रात्री गच्चीवर नाहीतर अंगणात झोपायला. खाली घर मोकळं. खालच्या मुख्य दाराला आतून कडी, अन् जिन्यावरचं दार? एक पातळ पत्र्याचं नाहीतर पीव्हीसीचं पान, त्याला आतून साधी टॉवर बोल्ट (सरकती कडी), जी आपण वर झोपलो असताना लावताच येत नाही. कोणी शेजारच्या गच्चीवरून आला तर जिना उतरून सरळ कपाटापाशी. गच्चीच्या दाराला पीव्हीसी नको, लोखंडी फ्रेमचं पत्र्याचं जाड दार करा, अन् बाहेरूनही चावीनं लागेल असं रिम लॉक बसवा, म्हणजे वर झोपताना दार लावून चावी उशाखाली घेता येते अन् रात्री पोराला पाणी हवं तर उघडताही येतं. हेच दार वर्षभर उन्हापावसात असतं, त्यामुळं चावीच्या भोकावर झाकण असलेलं कुलूप घ्या. मागच्या अंगणाच्या दाराला, जिथं मोरी अन् भांडी घासायची जागा असते, तिथंही मुख्य दाराइतकंच लक्ष द्या, चोराला पुढच्या दाराचं कौतुक नसतं.

बाहेर उघडणारं सेफ्टी डोअर असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर येतात. पिन ठोकून काढली की कुलूप राहतं एका बाजूला अन् दार निघतं दुसऱ्या बाजूनं. वेल्डरला सांगून पिनांची टोकं वेल्ड करून घ्या, पाच मिनिटांचं काम.

दुकानाचं शटर

शटरला दोन्ही टोकांना खाली साइड लॉक असतात अन् काहींना मध्ये सेंटर लॉक. बरेच दुकानदार दोन बाजूची दोन कुलपं लावून निघून जातात. पण मध्ये धरून शटर वर वाकवलं की पट्ट्या चॅनेलमधून निसटतात, बातमीत "शटर उचकटून" म्हणतात ते हेच, दोन्ही कुलपं जागच्या जागी शाबूत राहतात अन् माणूस आत. मोठ्या रुंदीच्या शटरला मध्ये जमिनीत अडकणारं कुलूप पाहिजेच. जमिनीतला कडा फरशीत नुसता चिकटवलेला नको, खाली खड्डा करून काँक्रीटमध्ये गाडलेला हवा. शटरची खालची पट्टी, जिच्यात कुलूप बसतं, ती जाड अँगलची करून घ्या.

साइड लॉकला दांडी झाकलेली गोल कुलपं मिळतात, कटर घालायलाच जागा राहत नाही, ती चांगली. अन् कुलूप लावल्यावर जमिनीला टेकत असेल तर थोडं वर घ्या, रस्त्यावरची धूळ, झाडलोटीचं पाणी सगळं चावीच्या भोकात जातं. मी कितीतरी कृषी केंद्रांच्या अन् किराणा दुकानांच्या शटरची कुलपं बघितलीत, आतून चिखलाचा गोळा निघतो.

काचेच्या दाराला खाली कोपऱ्यात जे कुलूप येतं ते दिवसा जेवायला जाताना लावायचं म्हणून आहे. सराफ असो की कपड्याचं शोरूम, काच एकटी रात्रभर सोडायची नाही, बाहेर शटर किंवा चॅनेल गेट हवंच.

क्लास, हॉस्टेल, दवाखाना, मंगल कार्यालय चालवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, आत माणसं असताना बाहेर जायच्या एकाही दाराला कुलूप नको, मागच्या दाराला पण नको. दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार थिएटरच्या आगीत ५९ माणसं गेली, बाल्कनीतल्या लोकांना बाहेर पडायच्या वाटा बंद झालेल्या होत्या. कोणी फुकट आत शिरेल म्हणून दार बंद ठेवायचं असेल तर पॅनिक बारवालं कुलूप मिळतं, बाहेरून बंद अन् आतून आडव्या दांड्याला धक्का दिला की उघडतं, तेच लावा.

गोडाऊन, दालमिल, जिनिंग, शेतावरची खोली

इथं खरा प्रश्न कुलपाचा नसून चाव्यांचा असतो. एमआयडीसीतल्या एखाद्या चटईच्या कारखान्यात दहा दारं, मालकाकडं चाव्यांचा जुडगा, मॅनेजरकडं दुसरा, वॉचमनकडं तिसरा, अन् कोणती चावी कशाची ते कोणालाच आठवत नाही. अशा ठिकाणी दोन सोयी मागून घ्या. एक, सगळ्या कुलपांना एकच चावी, शेतावरची खोली, स्टार्टरची पेटी, फाटक असं जिथं एकच माणूस फिरतो तिथं हे उत्तम. दुसरी मास्टर की, प्रत्येक कुलपाची वेगळी चावी अन् मालकाकडं सगळ्यांना लागणारी एक. ऑर्डर देऊन करून घ्यावी लागते, थोडे दिवस लागतात. पण ती मास्टर चावी गेली तर सगळंच गेलं, म्हणून ती रोजच्या जुडग्यात ठेवायची नाही.

चाव्यांची वही ठेवा. कोणाला, कधी, कोणती चावी दिली, सही. माणूस नोकरी सोडून गेला की चावी परत आली म्हणून निश्चिंत राहू नका, डुप्लिकेट करायला किती वेळ लागतो? सिलिंडरवालं कुलूप असेल तर नुसतं सिलिंडर बदला, एक लांब स्क्रू काढला की निघतं, पूर्ण कुलूप बदलायची गरज नाही. याच कारणानं भाडेकरू बदलतात त्या घरांना अन् गाळ्यांना मी सिलिंडरवालंच सांगतो.

शेतावर उघड्यावर लटकणारं कुलूप पितळी किंवा स्टेनलेसचं घ्या, खाली पाणी निघायला भोक असलेलं. जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा वरून बांधला की धूळ-पाणी दोन्ही थांबतं, आपले शेतकरी हे कधीपासून करतात अन् ते एकदम बरोबर आहे.

चाव्यांबाबत घरच्यांसाठी

नवीन घर बांधलंत तर वास्तुशांतीच्या आधी मुख्य दाराचं सिलिंडर किंवा कुलूप बदलाच. बांधकाम चालू असताना फरशीवाला, पेंटर, इलेक्ट्रिशियन सगळ्यांच्या हातातून तीच चावी फिरलेली असते. कुणावर संशय घ्यायचा नाही, फक्त बदलायचं. चावीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, नव्या घराची चावी हातात धरून स्टेटस ठेवायची आता पद्धत पडलीय, पण दाते स्पष्ट दिसले तर जाणकार माणूस त्यावरून चावी करू शकतो. खोलगट ठिपक्यांची चावी असते त्या कुलपाची डुप्लिकेट रस्त्यावरच्या साध्या मशीनवर होत नाही, म्हणून ती थोडी महाग पडली तरी मुख्य दाराला घेण्यासारखी आहे. खोक्यात चाव्यांच्या नंबरचं कार्ड आलं तर ते कुलपापासून लांब, कागदपत्रांत ठेवा.

बसवल्यावर सुताराला जाऊ द्यायच्या आधी

पहिली चाचणी दार उघडं ठेवून. उघड्या दारात चावी दहा-पंधरा वेळा दोन्हीकडून फिरवा, सगळ्या चाव्यांनी, सुट्या चाव्यांनी सुद्धा. उघड्या दारात मऊ चालतं अन् लावल्यावर जड जातं म्हणजे दोष चौकटीच्या पट्टीत. मग बोल्टच्या टोकाला ओला खडू किंवा कुंकू लावा, दार लावून चावी फिरवा, पट्टीवर जिथं डाग पडला तिथं अडतंय. तेवढंच कानशीनं काढायचं. पटाशीनं आख्खं भोक मोठं करून वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर दिसायला छान, पण बोल्टच्या मागं लाकूडच उरत नाही. लांबी भरलेली दिसली तर तिथंच थांबवा.

चौकटीच्या पट्टीला खोक्यात येतात ते छोटे स्क्रू वापरू देऊ नका, अडीच-तीन इंची स्क्रू आणून ठेवा. बिल अन् बसवलेल्या कुलपाचा फोटो जपून ठेवा, दुकानाचा चोरीचा विमा असेल तर साधारणपणे दार-कुलूप फोडल्याच्या खुणा बघितल्या जातात, तेव्हा आधी काय होतं हे दाखवता येतं.

नंतर तेल. खोबरेल, गोडेतेल, मशीनचं जाड तेल यातलं काही चावीच्या भोकात घालू नका. आपल्याकडं एप्रिल-मेची वावटळ अन् धूळ, तेल त्या धुळीला धरून ठेवतं अन् आत लुगदी होते, मग पिना वर जातात पण खाली येत नाहीत. ग्रॅफाइटची पावडर मिळते ती थोडी फुंकायची. नाही मिळाली तर मऊ पेन्सिलचं शिसं चावीच्या दात्यांवर घासायचं, चावी आत-बाहेर करायची, झालं. वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाळ्याआधी अन् एकदा दिवाळीच्या साफसफाईत, त्याच वेळी स्क्रू अन् नट आवळून घ्यायचे.

चावी जड जायला लागली की त्याच आठवड्यात बघा. आत तुटली तर दुसऱ्या चावीनं ढकलायची नाही, तुकडा अजून आत जातो. बाहेर थोडं टोक दिसत असेल तर बारीक चिमट्यानं सरळ ओढा, कुलूप आधी चावी घालायच्या सरळ स्थितीत आणून, नाहीतर पिना तुकडा सोडत नाहीत. दिसतच नसेल तर चावीवाल्याला बोलवा, अन् मागच्या दाराची सुटी चावी घरातच खिळ्याला न टांगता शेजारी किंवा नातेवाईकाकडं ठेवलेली असेल तर तो यायच्या आत मागच्या दारानं तुम्ही घरात असाल.